वर्षाराणीनं आखलेली बाई

मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एकच सवाल केला. "पव्हता येतंय का?"

बैठकीतले सगळे हसले. माझा भाऊ भागवत तर चहा अंगावर सांडता सांडता वाचला. बघायच्या कार्यक्रमात माणूस स्वयंपाकाचं विचारतो, शिक्षणाचं विचारतो, लईच झालं तर मोबाईल किती बघती ते विचारतो. मी म्हणलं, "हाव, येतंय. आमच्या विहिरीत शिकले लहानपणी." त्यांनी मान डोलावली आणि म्हणले, "जरा उभं राहता का?" मी उभी राहिले. पाच फूट आठ इंच. ह्या उंचीपायी सात स्थळं चहा पिऊन माघारी गेली व्हती. एकजण तर उंबऱ्याबाहेर पडायच्या आत म्हणला, "पोरगी हाय का लाईटचा खांब?" मी आतून ऐकलं व्हतं. ह्यांनी मात्र मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मला वाटलं, चला, देवानं एकतरी माणूस माझ्या मापाचा धाडला.

मी मुदखेडची शिवकांता. आमची फुलशेती हाय, पहाटेच्या गाडीनं भागवत गुलाब घेऊन नांदेडला जातो. ह्यांचं नाव वैजनाथ. निलंग्यात एसटी स्टँडच्या मागं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. बिजवर. पहिली बायको वर्षाराणी दीड वर्षामागं वारली व्हती, लेकरूबाळ न्हाई. घरात हे आणि ह्यांची आई केवळाबाई. कर्नाटक जवळ असल्यानं तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून मीही सासूला अव्वाच म्हणते. मला एकोणतीस पुरी झालती. बिजवर तर बिजवर. आईनं डोळे पुसले आणि तारीख धरली.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ह्यांनी जरासुद्धा न थांबता लिहिलं, उज्वला. मी हळूच विचारलं, "कुणी काढलं हे नाव?" म्हणले, "हुतं डोक्यात." शिवकांता माझ्या आज्जीचं नाव. पण नवरा हौसेनं नाव ठेवून राहिला, त्यात काय तोंड वाकडं करायचं? गोड मानून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. दुसरेपणावर दिलेल्या बाईला हा टाक घालावाच लागतो. त्याच्यावर मेलेल्या सवतीचं रूप असतं. ती अशी गळ्यात बांधली की घरात फिरत न्हाई म्हणतात. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. पुरण केलं की पहिला घास तिला दाखवायचा. माझ्या टाकावरल्या बाईला नाक-डोळे असे काही नव्हतेच, नुसता उभा आकार. मी अव्वाला म्हणलं, "मी मेलेल्या माणसाला भीत न्हाई. जित्यांनीच मला लई भोगायला लावलंय." अव्वानं नुसती गाठ घट्ट केली.

वर्षाराणीला मी जन्मात बघितलं न्हाई. पण आज तुम्ही विचाराल तर तिच्याबद्दल मी तिच्या आईपेक्षा जास्त सांगीन. काही अव्वानं सांगितलं, काही शेजारच्या सदफभाभीनं. सदफभाभीचं साडीचं दुकान हाय, वर्षाराणी तिच्याकडच्या साड्यांना घरी फॉल-पिको करून द्यायची. बारीक चणीची, गोरीपान, बोलली तर शेजारच्या माणसाला ऐकू येणार न्हाई. कुणाला न्हाई म्हणायला ती शिकलीच नव्हती. चार फॉल सांगितले की सहा करायची. ताटात उरलं तर जेवायची, न्हाई उरलं तर म्हणायची भूक न्हाई. सोमवार धरायची, गुरुवार धरायची, चतुर्थी धरायची, वरून नवरात्राचे नऊ दिवस. सदफभाभी म्हणायची, "अगं तुझा देव तरी कंटाळला असंल तुझ्या उपासाला." त्यावर नुसती हसायची म्हणं.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट व्हती. दुपारी मशीन बंद झाली की ती ह्यांच्या जुन्या फोनवर एक खेळ खेळायची. राजे, चेटकिणी, जंगलं असलेला. खेळाचं नाव इंग्रजी व्हतं, अव्वा त्याला दलदलीचा खेळ म्हणायची. त्यात आपण आपलं एक माणूस तयार करतो, त्याला नाव देतो, आणि प्रत्येक पायरी चढली की गुण मिळतात ते वाटून देतो. ताकदीला किती, चिलखताला किती, जादूला किती. वर्षाराणीनं स्वतःच्या नावाची एक वैदूबाई केली व्हती. गटातल्या कुणालाही लागलं की ही धावत जाऊन बरं करायची. कुठली कुठली पोरं खेळात तिला "दीदी, दीदी" करायची. पाच वर्षं खेळून ती एकोणतिसाव्या पायरीवर पोचली आणि तिथंच अडकली. पुढं दलदल व्हती, दलदलीत चेटकीण. सगळ्यांना बरं करता करता ही स्वतः दर बारीला मरायची. आणि त्या खेळात एकदा दिलेला गुण परत काढता येत न्हाई.

खरोखरची गेली ती नवरात्रात, सातव्या माळेला. पोटात कळ आली. दिवस गेले व्हते, पण गर्भ नळीत अडकलेला, ते तिलाच ठाऊक नव्हतं. हे दुकानाच्या कामाला उदगीरला. अव्वा किल्लारीला बहिणीकडं. अंगणात स्कूटी उभी, पण तिला चालवता येत नव्हती. शेजाऱ्यांना हाक मारायची तर लोकांना कशाला तरास. संध्याकाळी सदफभाभीच्या नजरेला पडली तेव्हा पांढरीफटक. अंगात रक्त मुळातच सहा, बाईला बारा लागतं. जीपमधी घालून लातूरला निघाले, पण वाटेतच संपलं. चौतीस वर्षांची बाई.

हे सगळं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. तवर माझा संसार मात्र दृष्ट लागण्यासारखा चालला व्हता.

काय सांगू तुम्हाला! सकाळी उठले की ह्यांच्या हातात वाटी. शेंगदाणे, गूळ, दोन खजूर. समोर उभं राहून खाऊ घालायचे. महिन्याला लॅबमधी नेऊन रक्त तपासायचे, कागद बघून म्हणायचे, "दहा झालं. बारा पाहिजे." पहिल्या महिन्यातच स्कूटी शिकवली. एकदा मी नालीत घातली तर ओरडायचं सोडून म्हणले, "परत बस." एकादशीला मी उपास म्हणलं तर ताटात भाकरी वाढून समोर मांडी घालून बसले, "ह्या घरात उपास न्हाई." भाजीवाल्यानं वजनात मारलं आणि मी गप्प बसले तर मलाच माघारी धाडलं, "जा, भांडून ये." साड्या आणायच्या त्या हिरव्या. मला वाटायचं ह्यांना हिरवा रंग आवडत असंल. एकदा म्हणले, केस खांद्यापर्यंत काप, तुला शोभंल. कापले. मागच्या दाराला एक लांब काठी आणून ठेवली, टोकाला लोखंड बसवलेलं. "साप-किरडू निघतंय, सवय कर हातात धरायची."

मी फोनवर आईला सांगायची तर आई म्हणायची, "नशीब काढलंस बाई." मी पण टाकाला हात लावून मनात म्हणायची, वर्षाताई, तुझा नवरा सोन्यासारखा हाय गं.

डिसेंबर संपत आला व्हता. माझ्या परकराचा काठ उसवला म्हणून मी तिची मशीन उघडली. ड्रॉवरमधी दोऱ्याच्या रिळांखाली तिची वही निघाली. पुढून फॉल-पिकोचा हिशेब, सदफभाभी चार, कुलकर्णी मॅडम दोन, असा. मागून उघडली तर बारीक अक्षरात भरलेली पानं.

"पहिलीत माझी चूक झाली," असं सुरू व्हतं. "सगळे गुण दुसऱ्याला बरं करण्यात गेले. अंगावर चिलखत न्हाई. आता काढता येत न्हाईत, म्हणून दुसरी नवी करायची. तिला आधीच नीट आखायची."

पुढं त्या दुसरीचं सगळं लिहिलं व्हतं. उंच पाहिजे, दलदलीत बुडणार न्हाई. पव्हता आलं पाहिजे. पहिल्यांदा रक्त वाढवायचं, मगच बाकीचं. घोडा लवकर शिकवायचा, पहिलीला शेवटपर्यंत घोडा आला न्हाई. उपाशी लढवायची न्हाई. चिलखत हिरवं, गवतात दिसत न्हाई. केस आखूड, चेटकीण केस धरून ओढती. हातात भाला. गटात कुणी चुकीचं सांगितलं तर उलट बोलायचं, गप्प राहणारी पहिली मरती. नाव, उज्वला.

मी आधी हसले. म्हणलं बघा, गेममधलं नाव मला ठेवलं ह्यांनी. मग माझी नजर कडेला गेली. वर्षाराणीची शाई काळी व्हती. प्रत्येक ओळीपुढं निळ्या शाईनं बरोबरची खूण व्हती आणि तारीख. निळं अक्षर मी ओळखलं, दुकानाच्या बिलावर रोज बघते. उंच, अकरा मार्च. पव्हणं, अकरा मार्च. म्हणजे मुदखेडला मला बघायला आले तो दिवस. घोडा, तीन जुलै. केस, वीस जुलै. भाला, गौरी बसल्या तो दिवस. रक्तापुढं आकडे, नऊ, दहा, अकरा.

खोटं कशाला सांगू, मला रडू न्हाई आलं, मला स्वतःच्या अंगाची किळस आली. हे केस कुणाचे, ही साडी कुणाची? सकाळी खाल्लेली वाटी कुणासाठी खाल्ली मी? सात महिने जे माझ्यावरचं प्रेम म्हणून मी गावभर मिरवलं, ते एका मेलेल्या बाईच्या वहीतलं काम व्हतं.

शेवटच्या ओळीपुढं खूण नव्हती. ओळ अशी व्हती: "तिसावी पायरी लागली की दोघींना एकजीव करायचं. पहिली मिटती, तिचं सगळं दुसरीत उतरतं." कडेला निळ्या शाईत नुसती तारीख लिहून ठेवली व्हती. एकोणीस जानेवारी. त्या दिवशी मला तीस पुरी व्हायची व्हती.

हे दुपारी जेवायला आले. मी वही त्यांच्या ताटात आपटली, वरण उडालं. "हे काय हाय? माणूस केलंत का बाहुली? तुमच्या आईला, बापाला, सगळ्या खानदानाला सांगा, मी मुदखेडची बाई हाय, कुणाचा खेळ न्हाई!" असलं काय काय बोलले. आजवर कुणाला बोलले नव्हते तसं. अव्वा चुलीजवळ थिजली. आणि हे? हे माझ्याकडं बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं. तेच, बघायला आले तेव्हाचं.

संध्याकाळी मी वही परत बघितली. "उलट बोलायचं" ह्या ओळीपुढं दोन खुणा केल्या व्हत्या.

आता सांगा, काय करायचं बाईनं? भांडावं तर ते वहीत हाय. स्कूटीवर बसून मुदखेडला निघून जावं तर स्कूटी वहीत हाय. आरशात बघितलं की ओळखीचं काही सापडंना. मी आधीपासून तापट व्हते का? आठवून आठवून डोकं फुटायची पाळी आली. मुदखेडला तर मी गप्पच बसायची. मग हा राग तरी माझा हाय का तिनं दिलेला?

तिकडं अव्वा उन्हात बसून वर्षाराणीची झंपरं उसवून राहिली व्हती. शिवण सैल करायची, माझ्या अंगाला लावून बघायची, परत उसवायची. "अव्वा, कशाला हे?" म्हणलं तर म्हणली, "कोरी हायत. वाया कामून जाऊ द्यायची?" मग दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडं न बघता म्हणली, "एकोणीसला घरात पूजा हाय. थोरलीचा लग्नातला शालू नेस. अंबाडा तिच्यासारखा मी घालून देते. गंगावण आणलंय." मी एक झंपर घालून बघितलं. चौतीस छातीची ठेंगणी बाई ती, आणि मी ही अशी. पण ते झंपर मला असं बसलं की जसं माझ्याच मापाचं शिवलंय. खांद्यालासुद्धा ओढलं न्हाई. मी ते घाईघाईनं काढलं, बाही फाटली.

त्या दिवसापासून अव्वाची नजर बदलली. मी पाणी द्यायला वाकले की ती माझ्या तोंडात कुणीतरी शोधल्यासारखी बघायची. एकदा मी मशीनवर बसले व्हते. फॉल-पिको मला येत न्हाई, कधी शिकलेच न्हाई. सदफभाभी दारातून आत आली आणि जागीच थांबली. "या अल्ला," म्हणली, "क्षणभर मला वाटलं..." मी खाली बघितलं. माझ्या हाताखाली साडीला फॉल सरळ लागला व्हता, एक टाका वाकडा न्हाई.

तेव्हा मला अक्कल आली. वहीत एक गोष्ट नको म्हणून लिहिली व्हती. तीच करायची. सतरा जानेवारीला सकाळी हे वाटी घेऊन आले आणि मी म्हणलं, "उपास हाय."

"कसला?"

"माझा."

पहिल्या दिवशी ते हसण्यावारी नेऊ बघत व्हते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं न्हाई. मी नुसतं पाणी पिऊन ओसरीवर बसलेली, हे चार पावलांवर वाटी घेऊन. अव्वा म्हणली, "घे बाई, दोन दाणे घे." मी अव्वाच्याच कानडीत म्हणलं, "बेडा, अव्वा. नको." तिसऱ्या दिवशी एकोणीस. शालू घडी मोडून खाटेवर पसरलेला, त्याच्यावर गंगावण. मी उठायला गेले तर डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी मशीनला धरून खाली बसले.

ह्यांच्या हातातली वाटी पडली. शेंगदाणे घरभर झाले. हे माझ्यापुढं फरशीवर बसले आणि लहान लेकरासारखं भोकाड पसरलं. एवढा बाप्या माणूस, मी असं रडताना कुणाला बघितलं न्हाई.

"ती पण अशीच म्हणायची," म्हणले. "भूक न्हाई, भूक न्हाई. त्या दिवशी तिनं मला फोन केला व्हता. सकाळी. म्हणली, जरा पोटात दुखतंय. मी म्हणलं, ओवा खा, दुपारी येतो. बॅटरी बसवायची व्हती एकाची. दुपारी आलोच न्हाई. स्कूटीत पेट्रोल फुल व्हतं, उज्वला. चार वर्षं स्कूटी अंगणात, तिला शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई. तेराव्यानंतर ही वही सापडली. तिनं खेळातल्या बाईसाठी सगळं लिहिलं व्हतं. रक्त, घोडा, उपाशी ठेवू नका. मला कळत हुतं की हा खेळ हाय. पण माझ्याकडं दुसरं काय हुतं? तुला मरू द्यायचं नव्हतं मला."

माझं मन पाघळलं. दुधानं पोळलेला माणूस, ताक फुंकून पिणारच. तरी मी विचारलं, "आणि एकोणीस तारीख? ती कशाला लिहिली?"

त्यांनी खाली बघितलं. मग पुटपुटले, "वाटलं, बघावं. झालं तर."

झालं तर! समोर तो शालू पसरलेला, रिकामा, हात पसरून झोपलेल्या बाईगत. भुतापेक्षा मला त्या घडीला माझ्या नवऱ्याची भीती वाटली. कारण तो खोटं बोलत नव्हता.

मी म्हणलं, "तो फोन आणा."

फोन चार्ज व्हता. मेलेल्या बाईचा फोन हे दोन वर्षं रोज चार्ज करून ठेवत व्हते. खेळ उघडला. दलदलीच्या काठाला वर्षाराणी उभी व्हती, पांढऱ्या कपड्यात, गुडघ्यापर्यंत पाण्यात. आम्ही तिघं फोनवर वाकलो तशी तिनं मान वळवली आणि सरळ आमच्याकडं बघितलं. अव्वा किंचाळली. नंतर मला कळलं की त्या खेळात माणूस नुसतं उभं ठेवलं की मधूनमधून इकडं तिकडं बघतं. पण त्या वेळी कुणाला ठाऊक व्हतं?

"दुसरी कुठं हाय?" मी विचारलं.

"केलीच न्हाई तिनं. राहून गेलं."

"मग करा. हितं करा. तिनं ही बाई ह्या खेळासाठी मागितली व्हती, तुमच्या घरासाठी न्हाई. तिचं मागणं तिला द्या. उंची द्या, घोडा द्या, भाला द्या, रक्त द्या. आणि ते नाव द्या. मी ते लई दिवस वापरलं, आता तिचं तिला द्या."

मी वही धरून एक एक ओळ वाचली, ते एक एक करत गेले. उंच बाई, आखूड केस, हिरवं चिलखत. शेवटी नाव लिहायची पट्टी आली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, एकदा, परवानगी मागितल्यासारखं. मग लिहिलं, उज्वला. मी जमिनीवरचे शेंगदाणे गोळा केले आणि तिथंच बसून खाल्ले. शालू अव्वानं आपणहून घडी घालून ठेवला.

मग दोन महिने हे दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते खेळायचे. घरी येऊन सांगायचे, बारावी झाली, विसावी झाली. ज्या दलदलीत वर्षाराणी पाच वर्षं मरत व्हती ती उज्वलानं एका दुपारी पार केली. पाडव्याच्या आदल्या रविवारी तिसावी पायरी लागली. आम्ही तिघं जेवणं करून ओसरीवर बसलो. ह्यांनी विचारलं, "करू?" अव्वानं हात जोडले. मी म्हणलं, "करा."

फोनवर दोघी समोरासमोर आल्या. वर्षाराणी खाली बसली, मग आडवी झाली, दमलेली बाई दुपारची कलंडती तशी. उजेड झाला. उजेड गेला तेव्हा एकटी उज्वला उभी व्हती आणि तिच्या खांद्याला वैदूबाईची पिशवी व्हती. हे मनसोक्त रडले. मी पण रडले. सवत माझी, पण मला तिची लई माया आली व्हती. तिनं लिहिलेलं खाऊन मी धडधाकट झाले, हे काय मी नाकारणार हाय का? माझं रक्त बारा झालं व्हतं.

त्यानंतर घर खरंच हलकं झालं. हिरव्या साड्या बंद झाल्या. केस वाढायला लागले. अव्वा माझ्या तोंडात कुणाला शोधायची थांबली. हे चुकून उज्वला म्हणायचे, जीभ चावायचे. आरशापुढं उभं राहून शिवकांता, शिवकांता असं घोकताना मी त्यांना पकडलं आणि आम्ही दोघं लई हसलो. मी भागवतला फोन करून सांगितलं, "तुझी बहीण परत आली बघ."

परवाची गोष्ट. सोमवार व्हता. मी मागच्या अंगणात धुणं धूत व्हते, अव्वा शेजारी बसून गवारी निवडत व्हती. दुपारचे हे दुकानातून आले असतील. पुढच्या दारातून त्यांचा आवाज आला, "शिवकांता!" मी पिळा घट्ट केला. परत आवाज आला, "शिवकांता, अगं शिवकांता!" एवढ्या मायेनं हाक मारत व्हते की मला आपलं बरं वाटलं, म्हणलं कुणीतरी जवळचं माणूस आलं असंल. मी हात पुसले आणि म्हणलं, "अव्वा, बघा बरं, घरात कुणी बाई आलीया का? हे कुणाला तरी हाका मारून राहिलेत."

अव्वा जागची हालली न्हाई. हातातली शेंग तशीच धरून ती माझ्याकडं बघत बसली.